गणू गेटमनचा मिस कॉल

धकाते काका पेपर वाचताना चप्पल काढतात. सगळा पेपर वाचताना नाही. पहिलं पान ते चपलेसकट वाचतात. मंत्री, अपघात, सोन्याचा भाव यांच्यासाठी पाय मोकळे करावेत असं त्यांना वाटत नाही. पण आतल्या एका पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात, तीन चौकोनांची एक चित्रपट्टी येते. तिथं पोचले की काका पायरीवर चपला काढून ठेवतात, अनवाणी उभे राहतात, चष्मा पुसतात आणि मग वाचतात. वाचून झालं की हसतात किंवा हसत नाहीत. मग खिशातून फोन काढतात, एक नंबर लावतात, कानाला न लावता नुसता हातात धरतात, आणि पलीकडं घंटी वाजली की कापतात.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या मागच्या खोलीत राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी. मी नळावर होते. काका पेपर वाचून आमच्या खोलीकडं बघून हसले, कुणाला तरी फोन लावला आणि कापला. आत जाऊन नवऱ्याला उठवलं. म्हटलं, "अहो, आपल्याबद्दल कुणाला तरी खूण करायलेत." त्यानं एक डोळा उघडला, "मिस कॉल असेल," म्हणाला आणि कूस बदलली. मला मात्र आठवडाभर वाटत होतं की कुणीतरी येणार आणि खोली खाली करा म्हणणार.

खोली जायची भीती वाटायचं कारण होतं. आम्ही चंदगडकडचे. म्हणजे महाराष्ट्राच्या एका टोकाचे, आणि आलो ते दुसऱ्या टोकाला. नवऱ्याला नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात काम लागलं, पुढं मलाही पॅकिंगमध्ये लागलं. पण खोली मिळेना. कुठले, कोण ओळखतं, एवढ्या लांबून कशाला आलात, असे प्रश्न सगळीकडं. माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळं कुणी दोनापेक्षा जास्त प्रश्न विचारले की तिसऱ्याला मला परीक्षा असल्यासारखा घाम येतो. हिंगणा रस्त्यापासून आतल्या गल्लीत धकाते काकांचं घर. त्यांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि एकच विचारलं.

"पेपर वाचता का?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "नाही हो काका. एवढं बारीक वाचायला वेळ लागतो मला."

"बेस झालं," काका म्हणाले. "सामान आना."

आधीचा भाडेकरू शिकलेला होता. तो पेपर काकांच्या आधी उचलायचा, आणि वर अंगणात येऊन त्यात काय आहे ते सांगायचा. त्याचं पुढं काय झालं हे मी कधी विचारलं नाही. पण अडाणीपणाच्या जोरावर खोली मिळालेली मी एकटीच असेन. त्या उपकाराची जाणीव मला अजून आहे.

चित्रपट्टीचं नाव 'गणू गेटमन'. फार जुनी. काकांच्या लहानपणी पेपरात यायची, मग बंद झाली. काही वर्षांपूर्वी पेपरवाल्यांनी जुनी चित्रं पुन्हा छापायला घेतली. गणू म्हणजे रेल्वेच्या फाटकावरचा माणूस. मोठ्या मिशा, आखूड पँट. त्याची एक बकरी, शेवंती. फाटक पडलं की पलीकडं अडकणारा एक पोस्टमन आणि ट्रॉलीवरून अचानक तपासणीला येणारा साहेब. बस, एवढीच दुनिया. पहिल्या चौकोनात फाटक पडतं, दुसऱ्यात गडबड होते, तिसऱ्यात शेवंती कुणाचं तरी काहीतरी खाते.

चौकोनाला काका 'डब्बा' म्हणतात. आणि फक्त पेपरातल्याच नाही. जगात जे काही घडतं ते त्यांच्या लेखी तीन डब्ब्यांत घडतं. आमच्या खोलीतला पंखा बंद पडला. मी धावत गेले, "काका, पंखा जळला!"

"थांब वं," काका हात वर करून म्हणाले. "डायरेक्ट तिसरा डब्बा काहून सांगून राहिली? पैल्या डब्ब्यात काय झालं?"

"पहिल्यांदा वास आला."

"हां. अन् दुसऱ्यात?"

"धूर."

"आता सांग तिसरा."

"पंखा जळला."

"भल्लं झालं बाप्पा," असं म्हणून ते समाधानानं वायरमनला बोलवायला गेले. एकदा तर म्हणे डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेतल्याबरोबर, "डॉक्टरसाहेब, तिसरा डब्बा एकदम नका सांगू, घाबरवून राहिले तुम्ही," असं त्यांना थांबवलं होतं. डॉक्टरांनी आधी दोन डब्बे सांगितले. तिसरा साखर बंद करण्याचा निघाला. तो काकांना बिलकुल आवडला नाही.

"लग्न झालं तवापासून मी दुसऱ्याच डब्ब्यात बसून हावो वं सुरेखा," काकू मला एकदा म्हणाल्या. "गडबड चालू हाये. तिसरा काही येऊन नाही राहिला."

काकूंचं बोलणं समजायला मला सुरुवातीला वेळ लागला. इथल्या बायका 'मी जातो, मी करतो' म्हणतात. आमच्याकडं असं बोललं तर लोक वळून बघतील. आमच्या 'करायलाय, जायलाय'वर काकू तोंडाला पदर लावून हसायच्या, त्यामुळं फिटंफाट.

चपलेचं कारण काकांनी स्वतःच सांगितलं. ते मूळचे उमरेडचे, घरी हातमाग. वडील लुगडी विणायचे. मागाच्या खोलीत चप्पल घालून कुणी जायचं नाही, अगदी पाव्हणा आला तरी. आणि गणू गेटमन काकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो त्याच खोलीत.

"आमच्या घरी कोणता आला पेपर?" काका म्हणाले. "बाप सूत आने नागपूरच्या शेठजीकडून. सुताच्या गठ्ठ्याले रद्दी पेपर गुंडाळला राहे. गठ्ठा सोडला का मी अन् बाई, पेपरावर तुटून पडो."

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, मंजुळाबाई. ती मागासाठी कांड्यांवर सूत भरायची आणि भरता भरता मांडीवर पेपर पसरून गणू वाचायची. काकांना तेव्हा नीट वाचता येत नव्हतं. बाई वाचून दाखवायची.

आता रद्दी काही तारखेप्रमाणे येत नाही. शेठजीच्या हाताला लागेल तो पेपर सुताला गुंडाळलेला. त्यामुळं या दोघांना गणू मिळाला तो उलटासुलटा. त्यांच्या हाती आधी शेवंतीला पिल्लू झाल्याचं चित्र आलं. मग शेवंती हरवली. आणि त्यानंतर कधीतरी गणूनं शेवंतीला बाजारातून विकत आणल्याचं चित्र आलं. दोघांना वाटलं, गोष्ट अशीच आहे. बकरी हरवली म्हणून गणूनं दुसरी आणली आणि पहिलीच्या आठवणीत तिचंही नाव शेवंती ठेवलं.

"पिल्लानं नव्या मायले ओळखलंच नाही," काका मला सांगत होते आणि इतक्या वर्षांनीही त्यांचा चेहरा उतरला. "बाई दोन दिवस जेवली नाही त्याच्यापायी."

मधले कागद मिळायचेच नाहीत. ते बाई मनानं जोडायची. कुठं तिसरा चौकोन फाटलेला असायचा, कुठं त्यावर सुताला लावायचा चिकटा सांडलेला. काका विचारायचे, मंग? आणि बाई तिसरा डब्बा सांगायची.

त्यामुळं पेपरवाल्यांनी गणू पुन्हा छापायला घेतला, आधी बाजार, मग पिल्लू, मग हरवणं अशा त्याच्या खऱ्या क्रमानं, तेव्हा काकांनी सरळ पेपरच्या कचेरीत फोन लावला.

"तुमच्या पेपरात भल्ली गडबड होऊन राहिली."

"काय झालं सर?" तिकडून एका मुलीनं विचारलं.

"बकरी आधी इकत आनली तुमी. ते शेवटी येते."

"सर, मूळ क्रम असाच आहे."

"कोन म्हनते? पिल्लू पैले झालं. मंग बकरी हरवली. मंग दुसरी आनली."

"सर, बकरी विकत आणल्याशिवाय तिला पिल्लू कसं होईल?"

"ते पैली बकरी होती ना!" काका ओरडले. "तुमाले दोन बकऱ्या हायेत हेच माहीत नाही, अन् पेपर चालवून राहिले?"

हे मी काकूंकडून ऐकलं. त्या दिवसापासून कचेरीतल्या लोकांना धकाते हे नाव पाठ झालं, असं काकूंचं म्हणणं आहे.

माझ्या हातून एकदा मोठा घोटाळा झाला. कंपनीची बस पकडायला निघाले होते, पेपर फाटकाजवळ पडला होता, झाडणारी तो पाण्यात ढकलणार म्हणून मी उचलला. तेच पान वर होतं. मोठी अक्षरं, थोडे शब्द, मला बोट न लावता वाचता आले. साहेबाची टोपी शेवंतीनं खाल्ली होती आणि साहेब गणूला विचारत होता की तुझी बकरी सरकारी का खासगी. मला हसू आलं. मोठ्यानं आलं. वळून बघते तर दारात काका.

"वाचलं तुनं?"

म्हटलं झालं, आता सामान बांधायचं. "काका, चुकून. नुसतं दिसलं."

काकांनी पेपर घेतला. चपला काढल्या. वाचलं. आणि पोट धरून हसले. डोळे पुसत म्हणाले, "हसायसारखाच होता वं. तुई चुकी नाही." त्या दिवसापासून त्यांचं वाचून झालं की ते पेपर त्या पानावर दुमडून आमच्या खिडकीत ठेवू लागले. सकाळी बसमध्ये आपण काहीतरी वाचून आलोय असं मला वाटायचं. शाळा सुटल्यापासून असं वाटलं नव्हतं.

राहिला प्रश्न मिस कॉलचा. तो काकूंनी सांगितला, तांदूळ निवडता निवडता, काका बाजारात गेलेले पाहून.

वडील गेल्यावर उमरेडच्या घरात माग तसाच उभा होता. चालवणारं कुणी नाही. लाकडाला वाळवी. काकांनी एक दिवस भंगारवाला बोलावला, माग देऊन टाकला, आणि पाय सोडून बसायचा जो खड्डा असतो तो सिमेंटनं बुजवून घर भाड्यानं द्यायला काढलं. मंजुळाबाईंचं सासर उमरेडातच. त्या राखीला तिथं आल्या, मागाच्या खोलीत गेल्या, आणि सपाट फरशी बघून परत आल्या.

"मले काहून नाही विचारलं?" एवढंच म्हणाल्या.

काका म्हणाले, "विचारून का होनार होतं?"

तेव्हापासून दोघांचा अबोला. राखी नाही, भाऊबीज नाही. दोघंही सारखेच हट्टी. जो आधी बोलेल तो हरला.

"अन् गंमत अशी वं," काकू म्हणाल्या, "का हे तवा एसटीत कंडक्टर. नागपूर-उमरेड याच गाडीवर."

बाईंना डोळे दाखवायला नागपूरला यावं लागायचं. यायच्या त्या काकांच्याच गाडीनं. काका तिकिटं फाडत त्यांच्या सीटपाशी यायचे. बाई खिडकीबाहेर बघत हात पुढं करायच्या. काका छताकडं बघत तिकीट द्यायचे. एकदा शेजारच्या माणसानं विचारलं, "कंडक्टरसाहेब, हे तुमची बहीन नोहे का?" काका म्हणाले, "गाडीत सारे प्रवासीच असतात."

पण उमरेडच्या स्टँडवर सगळे उतरले तरी ते गाडी सोडायची घंटी मारायचे नाहीत. ड्रायव्हर ओरडायचा, "काहून थांबवली बे?"

"उतारू उतरून राहिले."

"सारे उतरले ना!"

"तरी थांब."

रस्त्याच्या पलीकडं बाई दिसेनाशा झाल्या की घंटी.

पुढं काका रिटायर झाले. गाडीतली भेटही गेली. आणि मग पेपरात गणू परत आला. पहिल्या दिवशी काका इतके हसले की हसता हसता त्यांनी कुणाचा तरी नंबर लावला. घंटी वाजल्यावर कळलं, बाईचा लावलाय. घाबरून कापला. थोड्या वेळानं तिकडून फोन. एक घंटी. कट. बाईंकडंही तोच पेपर येतो.

तेव्हापासून रोज. चित्र बरं असेल तर एक घंटी, भन्नाट असेल तर थांबून दुसरी. तिकडूनही तसंच. आता फोनवर कितीही बोला, कुणी मोजत नाही. लोक भाजी आणायला गेले तरी घरच्यांशी बोलत जातात. पण या दोघांच्यात फोन उचलायचा नाही हा कायदा. उचलला तर ते बोलणं झालं. वाजवला तर तो गणूबद्दलचा अभिप्राय. एकदा बाईंच्या नातवानं चटकन उचलून "हॅलो, कोन बोलून राहिलं?" असं विचारलं, तेव्हा काकांनी फोन तांदळाच्या पिंपात खुपसला आणि वर बसून राहिले.

"ह्या घंटीवरच त्यांचं चालू हाये," काकू म्हणाल्या. "घंटी आली म्हनजे बाई उठली. चहा झाला. चष्मा सापडला. डोळ्यानं दिसून राहिलं. मंग हे जेवतात."

आणि हे मला कळून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा गणू बंद पडला.

कुणी सांगितलं नाही, काही नाही. सकाळी काकांनी पायरीवर चपला काढल्या, चष्मा पुसला, पान उघडलं, आणि उघडंच धरून उभे राहिले. मी नळावर होते. बराच वेळ झाला तरी हसणं नाही, फोन नाही. मग त्यांनी पान उलटलं. परत उलटलं. पेपर झटकला, जणू गणू कुठंतरी घडीत अडकलाय.

त्या कोपऱ्यात आता आकड्यांचं कोडं होतं. चौकोनच चौकोन. एकातही माणूस नाही.

काकांनी कचेरीत फोन लावला. या वेळी मी स्वतः ऐकलं.

"गणू कुठी गेला?"

"सर, पानाची मांडणी बदलली. वाचकांना सुडोकू हवं होतं."

"त्यात बकरी हाये का?"

"नाही सर. आकडे आहेत."

"मंग हसाचं कशाले?"

"सर, ते हसायचं नाही. सोडवायचं आहे."

"अन् शेवंतीचं काय? काल ते मालगाडीत चढली. गाडी सुटली. तिले तसंच ठेवनार का तुमी?"

तिकडं ती मुलगी म्हणाली, "मी वर सांगते सर." वर म्हणजे कुठं ते काकांनाही माहीत होतं. त्यांनी फोन ठेवला.

आता पंचाईत झाली. चित्र नाही तर अभिप्राय कसला? उगीच घंटी दिली तर त्याचा अर्थ काय? त्याचा अर्थ, बाई, तुझी आठवण आली. म्हणजे हरलो. तिकडं बाईंचाही तोच हिशेब असणार, कारण तिकडूनही फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही.

काकू म्हणाल्या, "लावा ना मेला फोन."

"कायले लावू? काही छापून आलं का?"

"मंग उमरेडले जाऊन या. तब्येत तं पाहा."

"ते आली का इथी माही तब्येत पाह्यले?"

पण फोन ते हातातून सोडेनात. आंघोळीला जाताना काकूंकडं देऊन जायचे, "वाजला तं आवाज दे, उचलू नको." डब्बे बंद झाले. आमच्या खोलीचा नळ गळायला लागला तर मी मुद्दाम जाऊन म्हटलं, "काका, पहिल्या डब्ब्यात काय झालं माहिताय का?" काका म्हणाले, "वॉशर गेलं असन," आणि वॉशर आणून दिलं. मला ते बरं वाटलं नाही. घरमालक एवढा सरळ वागायला लागला की भाडेकरूनं काळजी करावी.

एका सकाळी ते पायरीवर बसले होते. मी धीर करून विचारलं, "काका, शेवंतीचं पुढं काय होतं हो? मालगाडीत चढल्यावर?"

"मले काय माहीत?" काका म्हणाले. "आमच्याकडं ते कागद आलेच नाही. तवा गठ्ठ्याले दुसराच पेपर गुंडाळून आला."

"मग पुढचं काही कळलंच नाही?"

"बाईनं सांगितलं."

"त्यांना कुणी सांगितलं?"

काका माझ्याकडं बघत राहिले. मग उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. काकूंनी पोहे केले होते, मलाही बोलावलं. काका पेपर घेऊन अंगणातल्या खुर्चीत बसले, बशी मांडीवर. कोड्याचं पान उघडलं. आणि हसले. खोटं हसले, हे मलाही कळलं, पण पोटातून काढलेलं खोटं. काकू झाऱ्यासकट बाहेर आल्या. काकांनी फोन काढला, नंबर लावला. एक घंटी. कट. परत लावला. दुसरी घंटी. कट.

मग फोन पेपरवर ठेवला आणि त्याच्याकडं न बघता पोहे खायला लागले.

तिकडून काहीच नाही. काका चमचा चमचा खात होते. काकू माझ्याकडं बघत होत्या, मी जमिनीकडं.

फोन वाजला. एक घंटी. आम्ही तिघंही कट व्हायची वाट बघत होतो. दुसरी झाली. तिसरी झाली. तो वाजतच राहिला.

"उचला," काकू म्हणाल्या.

काकांनी या नंबरावरचा फोन कधी उचललेलाच नव्हता. घाईत बोट भलतीकडं पडलं, स्पीकर चालू झाला आणि आवाज सगळ्या अंगणात घुमला.

"कोन? पांडू?" जाडसर, हुकमी आवाज.

"हाव," काका म्हणाले.

"आमच्याकडं पेपर नाही आला गा आज."

काकांनी चमचा बशीत ठेवला.

"तुनं दोन घंट्या देल्या, म्हनून इचारून राहिली. काय आलं आज गणूचं?"

काकूंनी झारा खाली ठेवला. पेपर उमरेडला दर सकाळी जातो हे त्या अंगणात सगळ्यांना माहीत होतं.

काकांनी समोरच्या कोड्याकडं पाहिलं. एका चौकोनावर बोट ठेवलं.

"पैल्या डब्ब्यात," ते म्हणाले, "गणू उभा हाये. फाटकापाशी. फाटक भल्लं जुनं झालं. वाळवीनं खाल्लं."

"मंग?"

"दुसऱ्या डब्ब्यात भंगारवाला येते. गणू म्हनते, ने बावा." बोट पुढच्या चौकोनावर सरकलं. "शेवंती तवा तिथी नव्हती. चराले गेली होती. त्यानं तिले इचारलंच नाही. इचारलं असतं तं ते नाही म्हनली असती. अन् मंग त्याले ते रोज पाहा लागलं असतं ना वं. बापाचं. म्हनजे गणूच्या बापाचं. नुसतं उभं. कोनी बसलेलं नाही त्याच्यावर."

फाटकावर कोण बसतं, हे कुणी विचारलं नाही.

"तिसऱ्यात काय हाये?" बाई म्हणाल्या.

"तिसरा," काका म्हणाले. चष्मा काढला, परत लावला. "तिसरा बरोबर छापला नाही. दिसून नाही राहिला."

"तुले तिसरा डब्बा लहानपनापासून येत नाही," तिकडून आवाज आला. "आयक. मी सांगतो. शेवंती येते. इकडं पाह्यते, तिकडं पाह्यते. फाटक नाही. गणू खाली मान घालून बसला. ते म्हनते, गेलं तं गेलं बापा. तू जेवला का?"

काकांच्या मांडीवर पोह्यांची बशी होती, निम्मी संपलेली. एक शेंगदाणा त्यांच्या गालात होता, तो त्यांनी तसाच ठेवला.

"नाही वं बाई," ते म्हणाले. "सकाळपासून काहीच नाही खाल्लं."

काकू पुढं आल्या. काकांच्या मांडीवरची बशी आवाज न करता उचलली आणि आत नेली.